साहेबांना गाणं वर्ज्य

गुलाबचंद राठोडांच्या नव्या खोल्यांपुढं उद्धवराव पुसेगावकरांनी सायकल उभी केली आणि घराकडं न बघता ते आधी रस्त्याकडं बघायला लागले. खाली वाकून त्यांनी मुरूम चाचपला. फाटकातून सायकल दोनदा आत नेली, दोनदा बाहेर आणली. गुलाबचंद ओसरीत उभे राहून हे सगळं पाहत होते. घर बघायला आलेला माणूस मोरी बघतो, छत बघतो, पाण्याचं विचारतो. हा माणूस रस्त्याच्या कडेच्या झाडांकडं बोट दाखवून विचारत होता, "ती बाभूळ न्हाई ना?"

"लिंब हाय साहेब. काहून?"

"बाभळीचा काटा टायर खातो."

सत्त्याण्णव सालचा हिवाळा होता. उद्धवराव टेलिफोन खात्यात फोन मेकॅनिक होते आणि हिंगोलीहून बदली होऊन गोरेगावच्या एक्स्चेंजमध्ये आले होते. आसपासच्या दहा-बारा खेड्यांत गेलेल्या तारा त्यांच्या ताब्यात होत्या. खात्यानं त्यांना पक्कड दिली होती, शिडी दिली होती, पण सायकल त्यांची स्वतःची होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. गेले पंधरा दिवस ते एक्स्चेंजमधल्या बाकड्यावर झोपत होते. पत्नी कालिंदीबाई हिंगोलीत सामान बांधून बसल्या होत्या. घर मिळाल्याशिवाय त्या येणार नव्हत्या.

घरासाठी अटी तीन होत्या. पहिली कालिंदीबाईंची : भाडं अडीचशेच्या वर नको. दुसरी सायकलची. गोरेगावची काळी माती ओली असली की मडगार्डात गच्च बसते आणि वाळली की तिच्यात काटे लपतात, म्हणून रस्ता मुरमाचा हवा आणि सायकल घरात ठेवता यायला हवी. तिसरी अट उद्धवरावांनी कुणालाच सांगितली नव्हती. हिंगोलीत दर रविवारी संध्याकाळी एका शिंप्याच्या दुकानात पाच जण जमायचे. कुणी पेटी घ्यायचा, कुणी ढोलकी. उद्धवराव बुलबुलतरंग वाजवायचे; त्याचा सराव घरी रोज संध्याकाळी चालायचा. माईक नाही, श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत. बदलीचं त्यांना दुःख झालं ते एवढ्यासाठीच. पण चाळिशीतल्या सरकारी माणसानं गाण्याच्या शेजारी घर शोधावं, हे कुणाला सांगायचं म्हणजे लाजच.

म्हणून जावयानं सासुरवाडीत दुसऱ्यांदा श्रीखंड मागावं तसं, भलतीकडंच बघत त्यांनी विचारलं, "इथं आसपास संध्याकाळचं भजन-बिजन, गाणं-बजावणं होतं का हो?"

गुलाबचंद सरकून मागच्या दाराच्या आड उभे राहिले. खोल्यांच्या मागं त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि त्या शेडात अकरा वर्षं दर संध्याकाळी बंजारा तांड्यावरचं भजनी मंडळ बसत होतं. मंडळाचा म्होरक्या वसराम नायक, म्हणजे गुलाबचंदांचा मेहुणाच. नगारा, झांजा, काशाची थाळी आणि वसरामचा खडा आवाज. आधीचे भाडेकरू एक मास्तर होते, ते तिसऱ्या महिन्यात कानात कापूस घालून निघून गेले होते. आणि इकडं गुलाबचंदांचा फोनसाठी केलेला अर्ज चार वर्षं पडून होता. थोरला मुलगा कुलदीप फौजेत होता. त्याच्याशी दोन शब्द बोलायला त्याच्या आईला, जिवनबाईंना, दर रविवारी एसटीडी बूथच्या बाकावर दुपारभर बसावं लागायचं. आता साक्षात टेलिफोनवाला घर मागत दारात आला होता.

"न्हाई साहेब," गुलाबचंद म्हणाले. "कसलं भजन अन् कसलं काय. मुंगी चालली तरी ऐकू येईल इथं."

उद्धवरावांचा चेहरा उतरला. तो उतरलेला पाहून गुलाबचंदांना वाटलं, साहेबांना पटलेलं नाही.

"पाहिजे तर लिहून देतो."

"नको, लिहून कशाला. बघतो, सांगतो," असं म्हणून उद्धवरावांनी सायकलवर टांग मारली.

गुलाबचंद त्याच पावली शेडात गेले. वसराम नायक नगाऱ्याच्या वाद्या ओढत बसले होते.

"नायक, दोन-चार महिने भजन दुसरीकडं न्या."

"काहून?"

"टेलिफोनवाल्याला गाण्याची तकलीफ हाय. पहिला सवाल त्याचाच केला त्यानं."

"देवाच्या नावाची तकलीफ?"

"तुमच्या भाच्याचा फोन हाय, नायक. तुमच्या बहिणीकडं बघा जरा."

बहिणीचं नाव निघाल्यावर नायकांनी वाद्या सोडल्या. त्याच संध्याकाळी मंडळ नगारा, झांजा, सतरंजीसकट बाबूसिंगच्या शेतातल्या आखाड्यावर हललं. आखाडा म्हणजे शेतातली गुरं बांधायची, अवजारं ठेवायची जागा. गावापासून तीन किलोमीटर.

गोरेगावात तेव्हा शंभरावर फोन होते, आणि बातमीला त्यातल्या एकाचीही गरज पडत नव्हती. उद्धवराव दुसरं घर बघायला गेले, तिथं जिना होता, पण तरी त्यांनी तेच विचारलं. घरमालक म्हणाला, "छे साहेब, आमच्या घरात रेडिओसुद्धा न्हाई." तेवढ्यात आतल्या खोलीत रेडिओ गात होता तो मधेच गचकन बंद पडला. तिसऱ्या घरी मालकानं सांगितलं की शेजारच्या म्हाताऱ्याला पहाटे अभंग म्हणायची सवय आहे, पण त्याला आम्ही समज दिलेली आहे.

आठ दिवसांत बातमी पार वयात आली. साहेबांना गाणं आवडत नाही, इथं ती सुरू झाली. गाण्यानं साहेबांचं डोकं उठतं, डॉक्टरनं मना केलंय, असं करत करत मागच्या गावी एकानं टेप लावला म्हणून साहेबांनी त्याची तारच काढून नेली, इथवर ती पोचली. न्हाव्याच्या दुकानात उद्धवराव शिरले की रेडिओ बंद व्हायचा आणि नुसती कात्री वाजायची. चहाच्या हॉटेलात मालक कपबशासुद्धा जपून ठेवायला लागला. तांड्यावरच्या पेमा आडेच्या पुतण्याची वरात निघाली, ती एक्स्चेंजवरून जाताना बँडवाल्यांनी वाद्यं बगलेत मारली. नवरदेव घोड्यावर, पुढं-मागं दोनशे माणसं, आणि कुणाच्या तोंडातून शब्द नाही. समोरून एक म्हातारा येत होता. त्यानं बाजूला होऊन टोपी काढली आणि हात जोडले.

खिडकीतून हे बघून उद्धवरावांना गलबलून आलं. असलं कोरडं गाव त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. चहा पिताना त्यांनी हॉटेलवाल्याला हळूच विचारलं, "इथं गाण्याची आवड न्हाई का कुणाला?"

"आमाला त्याची लई चीड हाय, साहेब," हॉटेलवाला अदबीनं म्हणाला. "तुमच्यावाणीच."

शेवटचे दोन शब्द उद्धवरावांच्या ध्यानात आले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ते तेव्हा चहातली माशी काढत होते.

लाइन तपासायच्या निमित्तानं त्यांनी हिंगोलीला शेजाऱ्यांच्या फोनवर कालिंदीबाईंना बोलावलं. "घर आहे, भाडं सव्वादोनशे, रस्ताही चांगला. पण गाव फार शांत आहे गं."

"शांत असणं वाईट कधीपासून झालं?" कालिंदीबाई म्हणाल्या. "घ्या ते घर. मी संक्रांतीनंतर येते."

कानांचं जाऊ दे, टायरचं तरी भलं होईल, असा विचार करून उद्धवराव गुलाबचंदांच्या खोल्यांत राहायला आले. बुलबुलतरंगाची लांबट पेटी त्यांनी फळीवर ठेवली. एवढ्या निःशब्द गावात आपण एकट्यानंच तारा छेडायच्या म्हणजे लोकांना त्रास. तरी संध्याकाळी राहवायचं नाही. मग ते दार लावून पेटी मांडीवर घ्यायचे, आणि उजव्या हातानं तार न छेडता डाव्या हातानं नुसत्या कळा दाबत बसायचे. गाणं मनातल्या मनात ऐकायचं.

भिंतीपलीकडं गुलाबचंदांना फक्त टकटक ऐकू यायची.

"साहेब काहीतरी मशीन चालवून राहिले," ते जिवनबाईंना म्हणाले.

"कसली मशीन?"

"खात्याची आसंल. आवाज-बिवाज मोजायची."

 अकरा वर्षं दिवेलागणीला जिवनबाई शेडाच्या उंबऱ्यात बसून बायकांच्या बाजूनं सूर धरायच्या. आता त्या वेळेला काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं, त्यामुळं वरणात दोनदा मीठ पडत होतं. गुलाबचंद ते निमूट खात होते. मशीनची गोष्ट मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी आखाड्यावर पोचवली.

पौषात एके दिवशी बाबूसिंगच्या दुकानातला फोन बंद पडला. तांड्याला तेवढा एकच फोन. उद्धवराव सायकलवर गेले, खांबावर चढले, तुटलेली तार जोडली आणि दिवस कलताना परत निघाले. शेतात जाणाऱ्या पांदीच्या, म्हणजे गाडीवाटेच्या, वळणावर त्यांनी एकदम ब्रेक दाबला. तुरीच्या शेतापलीकडून नगारा ऐकू येत होता. त्यावर झांजा, आणि झांजांवर एक खडा, मोकळा आवाज. माईक नाही, भोंगा नाही. आवाज शेतावरून सरळ चालत येत होता.  रस्ता सोडून त्यांनी सायकल आवाजाच्या दिशेनं पांदीत घातली.

आखाड्याशेजारच्या माळ्यावर पेमा आडे राखणीला बसला होता. त्यानं सायकल ओळखली आणि टिटवीसारखी शीळ घातली. भजन तिथल्या तिथं थांबलं.

उद्धवराव पोचले तेव्हा दहा-अकरा माणसं गोल करून खाली माना घालून बसली होती. मधे तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. वसराम नायक जरा उंचावर, घोंगडी टाकलेल्या कशावर तरी बसले होते. ते जे काही होतं ते चांगलं गोल होतं.

"राम राम. काय चाललंय?" उद्धवरावांनी विचारलं.

"शेंगा सोलून राहिलो, साहेब," बाबूसिंग म्हणाला.

"मला गाणं ऐकू आलं."

"रेडिओ आसंल."

"कुठंय रेडिओ?"

बाबूसिंगनं इकडं तिकडं पाहिलं. "सेल संपले. घरी पाठवला."

उद्धवराव थोडा वेळ उभे राहिले. कुणी बसा म्हणालं नाही. नायक हलले तेव्हा त्यांच्या खालून बारीक धुम् असा आवाज आला, आणि नायक खोकले. उद्धवरावांनी सायकल वळवली. पांदीत पन्नास पावलांवर पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटाएवढा. सायकल हातात धरून ते चालू लागले. अर्धा कोस गेल्यावर मागं नगारा पुन्हा सुरू झाला.

आता त्यांना सगळं उमगलं, म्हणजे तसं त्यांना वाटलं. गाव कोरडं नव्हतं. लोक गात होते, छान गात होते. फक्त आपल्याला त्यांच्यात घ्यायचं नव्हतं. परगावचा माणूस, नोकरदार, कोण कुठला. तीन किलोमीटरच्या त्या वाटेत त्यांना जेवढं एकटं वाटलं तेवढं बाकड्यावरच्या त्या दिवसांतही वाटलं नव्हतं.

चार दिवस त्यांनी कळांनासुद्धा हात लावला नाही. गुरुवारी मात्र कामावरून आल्यावर त्यांनी पेटी फळीवरून काढली आणि कॅरियरला सुतळीनं आवळून बांधली. नाही म्हणाले तर नाही म्हणाले. पण आपण कोण आहोत हे न सांगताच परत यायचं, हे त्यांना बरं वाटेना.

ऊन उतरत होतं. पेमानं माळ्यावरून पाहिलं आणि शीळ घालायचीच विसरला. धापा टाकत तो खाली आला. "साहेब येऊन राहिला. संगं मशीन हाय."

"झालं," बाबूसिंग म्हणाला. "आवाज भरून नेणार अन् वर पाठवणार. माझा फोन गेला."

कुणी सतरंजी गुंडाळायला लागला, कुणी झांजा कडब्यात खुपसल्या. वसराम नायक हलले नाहीत. "बस करा," ते म्हणाले. "किती पळायचं." घोंगडी बाजूला करून त्यांनी नगारा उघडा केला आणि पागोटं सारखं करून ते पांदीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

उद्धवराव उतरले. काही बोलणार तोच नायकांनी हात वर केला.

"साहेब, अकरा वर्षं आमी त्या शेडात गायलो. तुमच्यासाठी उठलो. शेतात आलो, तर तुमी इथंबी आले. आता काय रिसोडच्या पलीकडं जावं का आमी?"

उद्धवरावांना काही कळेना. "माझ्यासाठी उठलात? कोणत्या शेडातून?"

"तुमच्या खोलीमागच्या."

"ते शेड कडब्याचं आहे ना?"

"कडबा आता भरला. तुमाला गाणं चालत न्हाई म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"गुलाबचंदनं."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"तुमीच इचारलं की त्याला. भजन होतं का म्हणून."

उद्धवरावांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं. "नायक, मी विचारलं, व्हय. होत असलं तर घर घ्यावं, म्हणून विचारलं."

 पेमा पुढं सरकून म्हणाला, "मग आमी वरात काहून मुकी काढली?"

 आधी बाबूसिंगला हसू फुटलं. मग एकेक करत सगळे हसायला लागले, आणि शेवटी नायक डोळे पुसत तिथंच बांधावर बसले. हसण्यात सामील नव्हता तो पेमा. तो अजून पुतण्याच्या घोड्याचा विचार करत होता.

पेटी उघडली गेली. दहा डोकी एकदम तिच्यावर वाकली.

"भिंतीपल्याड टकटकतंय ते हेच का?"

"हेच." उद्धवरावांनी सतरंजीवर बसून तारा जुळवल्या आणि एक धून वाजवली.  सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. मग नायकांनी तांड्याचे संत सेवाभाया यांचं भजन धरलं, नगाऱ्यावर टिपरू पडलं, आणि बुलबुलतरंग त्या आवाजाखाली जो गडप झाला तो झालाच. उद्धवराव पाऊण तास जीव तोडून वाजवत होते. आपण काय वाजवतोय हे त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

भजन संपल्यावर नायक त्यांच्याजवळ सरकले. "साहेब, तुमची मशीन लई नाजूक हाय. लेकरावाणी. नगाऱ्यापुढं तिचा टिकाव न्हाई." आणि त्यांनी कडब्यातून झांजा काढून उद्धवरावांच्या हातात दिल्या. "या धरून बघा."

उद्धवरावांनी धरल्या. बारा वर्षं ते सूर शोधत होते आणि त्यांचा हात ठोक्याला बराबर बसणारा होता, हे कुणालाच, त्यांनाही, माहीत नव्हतं. दुसऱ्या भजनात नायकांनी एकदा वळून पाहिलं. तिसऱ्यात वळून पाहायची गरज पडली नाही.

गुलाबचंदांना हे त्याच रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आखाड्यावर आले. "चला नायक, शेड मोकळं करतो. साहेबांनाबी घरबसल्या होईल."

"न्हाई," नायक म्हणाले. "तिथं पत्रा तापतो. इथं वारा हाय, पाणी हाय, कुणाची तकलीफ न्हाई. आमचं इथंच बराबर हाय."

जिवनबाईंनी भावाची री ओढली आणि त्या संध्याकाळपासून त्याही आखाड्यावर जायला लागल्या. मागं राहिले एकटे गुलाबचंद आणि त्यांनी साहेबांना कबूल केलेली शांतता. चार दिवस त्यांनी ती सोसली. पाचव्या दिवशी दाराला कुलूप लावून तेही तुरीच्या बांधानं चालू लागले. फोन त्यांना यादीतला नंबर लागल्यावर होळीच्या आधी मिळाला. त्यात उद्धवरावांचा काडीचा हात नव्हता, पण हे गुलाबचंदांना अजूनही पटत नाही.

इकडं उद्धवरावांना रोज संध्याकाळी तीन किलोमीटर पांदीतून जावं लागायचं आणि आठवड्यात तीनदा पंक्चर व्हायचं. झांजा नसल्यानं भजन खोळंबायचं. मग एका रविवारी सकाळी पेमा, बाबूसिंग आणि आणखी सहा जण कोयते-कुदळी घेऊन उतरले. त्यांनी पांदीतल्या बाभळी छाटल्या, काटे ओढून जाळले आणि खड्ड्यांत मुरूम टाकला. उद्धवरावांनी दुपारी ते पाहिलं आणि ते सायकलवरून उतरले.

"एवढं कशाला केलंत?"

"तुमच्यासाठी न्हाई हो," पेमा म्हणाला. "झांजा वेळेवर याव्या म्हणून."

संक्रांतीनंतर कालिंदीबाई हिंगोलीहून सेनगावमार्गे जीपनं आल्या. मोरी पाहिली, छत पाहिलं, पाणी विचारलं, घर पसंत केलं. दिवेलागणीच्या आधी उद्धवराव त्यांना म्हणाले, "बस मागं." बऱ्याच वर्षांनी त्या सायकलच्या कॅरियरवर बसल्या. मुरमाच्या वाटेनं सायकल अशी गेली की त्यांना सीट घट्ट धरावी लागली नाही.

आखाड्यावर जिवनबाईंनी त्यांना बायकांच्यात जागा करून दिली. नगारा सुरू झाला. उद्धवराव डोळे मिटून, मान हलवत झांजा वाजवत होते. कालिंदीबाई बराच वेळ नवऱ्याकडं टक लावून बघत राहिल्या. मग जिवनबाईंच्या कानाशी वाकल्या.

"ती तारांची पेटी कुठं गेली यांची?"

"घरी फळीवर ठिवली म्हणत होते. काहून बाई?"

"लग्न झाल्यापासून बारा वर्षं दर संध्याकाळी मी ती ऐकत आलेय," कालिंदीबाई हळूच म्हणाल्या. "खात्याला म्हणावं, आमची बदली आता इथून कधी करू नका."

आणि पदर खोचून त्या टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या.